पाच कप चहा आणि एक मोडलेलं मनगट

मी आहारतज्ज्ञ आहे. खालचं प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. औषधांचे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचे होते. माझ्याकडे आहार होता. त्या आहारात चहाचा प्रश्न सगळ्यात मोठा होऊन बसला होता, आणि मला वाटतं तो चुकीच्या जागी मोठा झाला होता.

पार्श्वभूमी

मालतीबाई ५७ वर्षांच्या. पाळी ५१व्या वर्षी गेलेली, म्हणजे सहा वर्षं उलटलेली. वजन ४८ किलो, बांधा लहानखुरा. रक्तदाब नाही, मधुमेह नाही. एका रात्री दोनच्या सुमाराला बाथरूमकडे जाताना अंधारात पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. उभ्या उंचीवरून, सपाट जमिनीवर पडून हाड मोडलं, तर डॉक्टर नुसतं प्लास्टर घालून थांबत नाहीत, हाडच ठिसूळ झालंय का ते बघतात. इथेही तसंच झालं. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.६ आला, मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे २.१. उणे १ पर्यंत हाड सामान्य धरतात. उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याच्या खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मणका त्या रेषेच्या पलीकडे गेला होता.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. इस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी जाते तेव्हा हा आवर सुटतो, जुनं हाड निघण्याचा वेग नवं हाड बसण्याच्या पुढे जातो. त्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत काही बायकांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटते. मालतीबाई नेमक्या त्याच टप्प्यात होत्या.

रक्ततपासणीत कॅल्शियम, क्रिएटिनिन, थायरॉइड ठीक होतं. ड जीवनसत्त्व दर मि.ली.ला १४ नॅनोग्रॅम होतं, आणि २० च्या खाली ते कमी धरतात. डॉक्टरांनी आधी आठ आठवडे ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली. सोबत दिवसाला ५०० मिग्रॅ कॅल्शियमच्या दोन गोळ्या लिहिल्या. हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची बिस्फॉस्फोनेटची गोळी त्यानंतर सुरू करायची होती.

अडचण काय होती

डेक्साचा रिपोर्ट घरी आला त्याच संध्याकाळी जावेने निदान सांगून टाकलं: "चहा. चहाच सगळं कॅल्शियम खातो. दिवसाला पाच-पाच कप कशाला पितेस?" मालतीबाईंनी दुसऱ्या दिवसापासून चहा बंद केला. कॅल्शियम भरून काढायचं म्हणून रोज पालक सुरू केला. चहाऐवजी नुसतं गरम पाणी.

दोन महिन्यांनी मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. तक्रार वेगळीच होती. आई चिडचिडी झालीय, जेवत नाही, गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून त्याही चुकवते. मालतीबाई स्वतः एवढंच म्हणाल्या, "मॅडम, एवढं सोडलं तरी हाडं सुधारलीत का ते कसं कळणार?"

त्यांच्या बोलण्यात अपराधीपणा होता. आपल्या हाताने आपलं हाड पोखरलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला ते फार लागलं. पाळी गेल्यानंतरची हाडांची झीज ही कुणाच्या सवयीची शिक्षा नसते. तरी बायकांना ती तशीच ऐकवली जाते.

कपाचा हिशोब

मी त्यांना तीन दिवसांची नोंद आणायला सांगितली. चहा बंद व्हायच्या आधीचा एक दिवस आठवून लिहायचा आणि आत्ताचे दोन. शिवाय रोजचा कप घेऊन यायला सांगितलं. पुढच्या भेटीत त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला कप काढून टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला, काठाच्या बोटभर खाली, चहाची तपकिरी रेघ उमटलेली होती. त्या रेघेपर्यंत पाणी भरून आम्ही मोजलं: १४० मि.ली. मग त्या नेहमी जेवढं दूध घालायच्या तेवढं पाणी अंदाजाने वेगळं ओतलं. ६५ मि.ली. म्हणजे कपात जवळजवळ निम्मं दूध.

१०० मि.ली. दुधात साधारण १२० मिग्रॅ कॅल्शियम असतं. त्यांच्या एका कपात ७८, पाच कपांत ३९०. बाकीच्या जेवणातून, त्यात एक छोटी वाटी दही धरून, जेमतेम ३५० मिळत होतं. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १२०० मिग्रॅ हवं असं धरतात. म्हणजे चहा चालू होता तेव्हाही कॅल्शियम कमीच पडत होतं, ७४० च्या आसपास. पण त्यातलं निम्म्याहून जास्त त्या चहातूनच येत होतं! दूध त्यांना नुसतं कधीच आवडलं नाही. लहानपणापासून पेल्यातलं दूध बघितलं की मळमळायचं. चहा हाच त्यांचा दूध पिण्याचा एकमेव मार्ग होता, आणि तोच त्यांनी बंद केला.

आता चहा कॅल्शियम खातो म्हणजे किती, तेही बघू. कॅफीनमुळे आतड्यातून कॅल्शियम थोडं कमी शोषलं जातं आणि लघवीतून काही तास थोडं जास्त जातं. हे खरं आहे. प्रमाण मात्र असं: १५० मिग्रॅ कॅफीनमागे साधारण ५ मिग्रॅ कॅल्शियम. त्यांच्या एका कपात ४० मिग्रॅ कॅफीन धरलं तर पाच कपांत २००, म्हणजे तूट सात-आठ मिग्रॅची, सढळ हाताने धरली तर दहाची. उलट ३९० मिग्रॅमधलं तीस टक्के शोषलं गेलं तरी ११७ मिग्रॅ शरीरात येतं. एकीकडे ११७, दुसरीकडे १०.

चहातल्या ऑक्झलेटबद्दलही मुलीने विचारलं, तिने ते कुठेतरी वाचलं होतं. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं हेही खरं. एका कपात १० मिग्रॅ ऑक्झलेट धरलं आणि त्यातल्या प्रत्येक कणाने कॅल्शियम पकडलं असं मानलं, तरी जास्तीत जास्त साडेचार मिग्रॅ कॅल्शियम अडकेल. कपातल्या ७८ पैकी साडेचार.

आणि पालक? पालकात कॅल्शियम बऱ्यापैकी आहे, पण ऑक्झलेट इतकं की त्यातलं सुमारे ५ टक्केच शोषलं जातं. दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. चहा कॅल्शियम खातो म्हणून त्यांनी चहा सोडला आणि चहातल्यापेक्षा कितीतरी पट ऑक्झलेट असलेली भाजी कॅल्शियमसाठी धरली. पालक वाईट नाही, इतर पुष्कळ गोष्टींसाठी तो चांगला आहे. कॅल्शियमसाठी मात्र त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कोबी-ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्या त्या बाबतीत बऱ्या.

मग चहाची बदनामी आली कुठून? माझ्या मते लोहाच्या गोष्टीवरून. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर त्यातले टॅनिन आणि त्यांच्यासारखे पदार्थ धान्य-भाज्यांतल्या लोहाचं शोषण खूपच कमी करतात, निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलेल्या बाईला जेवणावर चहा पिऊ नको सांगतात ते यासाठी. ती सूचना तोंडातोंडी फिरता फिरता लोहाचं कॅल्शियम झालं असावं. मालतीबाईंचं हिमोग्लोबिन १२.६ होतं, त्यामुळे तो प्रश्न त्यांना नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय होता आहे तसंच चालू द्यायचं. चहा बंद, कॅल्शियम गोळ्यांतून. कागदावर जमत होतं: ३५० आणि १००० मिळून १३५०. पण त्या गोळ्या चुकवत होत्या. आठवड्यातले निम्मे दिवस दोन्ही पोटात जात नव्हत्या.

दुसरा, मुलीने सुचवलेला: दूध नको, ग्रीन टी. त्यात कॅफीन थोडं कमी, पण दूधच नाही, म्हणजे कॅल्शियमचा प्रश्न जिथल्या तिथे. शिवाय त्यांना तो कडू लागत होता. चहामुळे हाडांना फायदा होतो, असं सुचवणारी निरीक्षणं आहेत. इंग्लंडमध्ये ६५ ते ७६ वयाच्या बायकांच्या, सन २००० मधल्या एका अभ्यासात चहा पिणाऱ्यांची हाडांची घनता न पिणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त दिसली होती. पण निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून औषधासारखा चहा प्या, असं सांगायला मी धजले नाही.

तिसरा, चहा परत सुरू करायचा, पण वेळ, संख्या आणि साखर बघून. इथे मी थोडी थांबले, कारण "चहा चालेल" म्हटलं की ते "कितीही चालेल" असं ऐकलं जातं. चहाच्या पानात फ्लोराइड साठतं आणि अतिरेकाने ते हाडात जाऊन बसतं. २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका ४७ वर्षांच्या बाईची नोंद आली होती. ती सतरा वर्षं रोज १०० ते १५० टी-बॅग्जचा चहा करून पीत होती, आणि तिच्या मणक्याची हाडं फ्लोराइडने गच्च झाली होती. चार-पाच कपांचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण सीमा असते हे सांगायला हे उदाहरण उपयोगी पडतं.

आम्ही तिसरा पर्याय घेतला. निर्णय मालतीबाईंचा होता. कपाचा हिशोब कागदावर बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने मी उलटंच करत होते."

काय केलं

नोंदवहीत एक ओळ होती जिच्याकडे आधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं: "रात्री ९, चहा." जेवणं आटोपली, भांडी झाली की शांतपणे एकटीने प्यायचा तो कप. कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. पाळी गेल्यावर झोप तशीच उथळ झालेली, अधूनमधून घाम फुटून जाग यायची, त्यात कॅफीन, आणि झोपायच्या आधी पोटात पाणी. मालतीबाई रोज रात्री दोनदा उठायच्या, आणि अशाच एका उठण्यात पडल्या. त्या कपामुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येत नाही. पण चहाचा आणि मोडलेल्या मनगटाचा काही संबंध असलाच, तर तो कॅल्शियमपेक्षा या वाटेने असण्याची शक्यता मला जास्त वाटली.

म्हणून रात्रीचा कप गेला. बाकीचे चार राहिले, शेवटचा संध्याकाळी पाचच्या आत. दूध तेवढंच, ६५ मि.ली., कमी करायचं नाही हे मी अधोरेखित करून लिहिलं. कपाला दोन चमचे साखर होती, म्हणजे दिवसाला दहा चमचे. ती हळूहळू अर्ध्या चमच्यावर आणायची ठरली. रात्री नऊला काय, हा प्रश्न उरत होता. त्यांनीच सुचवलं, दही. आणखी एक वाटी, १५० ग्रॅम, म्हणजे १८० मिग्रॅ. आता हिशोब असा झाला: चहातून ३१२, वाढीव दह्यातून १८०, बाकी जेवणातून ३५०. सुमारे ८४०.

यावरून गोळ्यांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. डॉक्टरांनी दोन लिहिल्या होत्या, आणि आहारात ३५० मिळत असताना ते बरोबरच होतं. आता दोन्ही घेतल्या तर १८४० होणार. या वयात २००० ही वरची मर्यादा. तिच्या इतकं जवळ जाऊन हाडांना जास्त काही मिळत नाही, बद्धकोष्ठता मात्र वाढते आणि मुतखड्याचा धोकाही. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहून हिशोब कळवला. त्यांनी एक गोळी कमी केली. उरलेली दुपारच्या जेवणासोबत, कारण ती कॅल्शियम कार्बोनेट होती आणि ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं.

जेवताना वरून मीठ घ्यायची सवय होती, ती सोडायला सांगितली. साधारण सहा ग्रॅम मिठामागे ४० मिग्रॅ कॅल्शियम लघवीतून जातं. पाच कप चहाच्या चौपट. तरी मिठाला कुणी दोष देत नाही. प्रथिनं वाढवली. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि पाय न सरकणारी चटई, हे मुलीने दोन दिवसांत केलं. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा वजनांचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सुरू झाले.

मधली चूक

चूक माझी होती. डॉक्टरांच्या कागदावर आठवड्याच्या गोळीचं नाव होतं, समोर लिहिलं होतं "८ आठवड्यांनंतर". मालतीबाई माझ्याकडे आल्या तेव्हा ते आठ आठवडे संपत आले होते. मी ती ओळ वाचली, अजून सुरू नाही असं धरलं आणि पुढे गेले. चहाच्या प्रत्येक कपाची वेळ मी लिहून दिली, पहिला सकाळी साडेसहाला. गोळी सुरू झाल्यावर तो पहिला कप कुठे जाईल, हा विचार मी केला नाही.

सहा आठवड्यांनी फोनवर विचारपूस करताना सहज विचारलं, रविवारची गोळी कशी घेता? "सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, सांगितल्यासारखी." कशाबरोबर? "चहाबरोबर. गरम असला की घशाखाली लवकर उतरते."

बिस्फॉस्फोनेटची गोळी इतकी हट्टी असते की साध्या पाण्याबरोबर नियमाने घेतली तरी एक टक्कासुद्धा शोषली जात नाही. तेवढ्यावरच तिचं काम चालतं. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलंही सुमारे ६० टक्के कमी होतं. दुधातलं कॅल्शियम तर तिला थेट बांधून ठेवतं, आणि त्यांच्या कपात निम्मं दूध होतं. पाच-सहा रविवारच्या गोळ्या बहुतेक वाया गेल्या. कॅल्शियमच्या बाबतीत चहाला निर्दोष ठरवताना, तोच चहा ज्या एका जागी खरंच नुकसान करतो ती जागा मीच मोकळी सोडली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. मालतीबाईंसाठी मोठ्या अक्षरांत कागद करून दिला: रविवारी उठल्यावर गोळी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, बसायचं किंवा चालायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेला जाळते. त्या अर्ध्या तासात काही खायचं-प्यायचं नाही, चहाही नाही. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी तो पाऊण तास केला. कॅल्शियमची गोळी दुपारीच.

परिणाम

तीन महिन्यांत ड जीवनसत्त्व ३१ वर आलं. ते पुरेसं नसेल तर आतडं कॅल्शियम १० ते १५ टक्केच घेतं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. चहा प्यावा की नाही यावरून जो फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक या एका गोष्टीने पडतो. रात्रीचं उठणं बहुतेक दिवस एकदावर आलं. पोटाची तक्रार एक गोळी कमी झाल्यावर मिटली आणि उरलेली त्या नियमित घेऊ लागल्या. साखर अर्ध्या चमच्यावर यायला पाच महिने लागले.

पडल्यापासून वीस महिन्यांनी, त्याच मशीनवर पुन्हा डेक्सा झाली. मणका उणे २.३, मांडीचं हाड जवळजवळ होतं तिथेच. नवीन फ्रॅक्चर नाही. मणक्याच्या सुधारणेचं श्रेय मुख्यतः औषधाचं आहे. आहार आणि व्यायाम यांनी त्याला आधार दिला असं मी मानते, पण किती ते वेगळं काढता येत नाही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीतच औषधांचा आणि पेयांचा दिवस एकाच कागदावर मांडेन, तासावार. जे औषध अजून सुरू झालेलं नाही तेसुद्धा त्याच्या ठरलेल्या जागी लिहीन. आहार एका वहीत आणि औषधं दुसऱ्या चिठ्ठीवर असली की मधल्या फटीतून असंच काहीतरी निसटतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायकांच्या बाबतीतही हेच होतं. तिलाही चहा-कॉफी आणि कॅल्शियम दोन्ही अडवतात, आणि ती घेणाऱ्या कित्येक जणी पाळी गेलेल्या वयाच्याच असतात.

दुसरं, चहा बंद केला तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं: त्याच्या जागी काय घेताय? प्लास्टर काढताना, रिपोर्ट बघताना, औषधं लिहून देताना त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या होत्या. चहा सोडल्याचं त्यांनी प्रत्येक ठिकाणी अभिमानाने सांगितलं. प्रत्येकाने "छान" म्हटलं.

आणि जावेशी मी स्वतः बोलायला हवं होतं. घरात तिचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार होता, आणि चहा परत सुरू झाल्यावर मालतीबाईंना तिची बोलणी ऐकावी लागली. शेवटी मुलीने कपाच्या हिशोबाचा कागद स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चिकटवला. जाऊ तीन वर्षांनी लहान आहे, तिची पाळी नुकतीच गेली आहे, आणि ती काळा, बिनदुधाचा चहा पिते. मागच्या महिन्यात ती स्वतःचा कप घेऊन माझ्याकडे आली.